बंद देवळाचा उतारा

दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका दुपारी शेजारच्या गावातले तिघे जण माझ्या दुकानात आले. मी बियाणे विकतो, पण ते बियाण्यासाठी आले नव्हते. त्यांच्या गावात, पूर्वीच्या गावकुसाबाहेर, एक जुनी इमारत कुलूप लावून पडलेली आहे. दगडी जोते, भाजक्या विटांच्या भिंती, वर पत्रे आणि दर्शनी त्रिकोणी भिंतीत हातभर उंचीची एक कमानदार पोकळी. त्या जागेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढावी, असे तरुण मंडळींच्या मनात होते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर त्या मिळकतीपुढे ‘मिशन शाळा’ एवढे दोनच शब्द आहेत. ‘तुम्ही इतिहासाचे लिहिता. ही पहिल्यापासून शाळाच होती, चर्च नव्हते, असे एक टिपण द्या,’ एवढीच त्यांची मागणी होती.

चार दिवसांनी त्याच गावातले एक निवृत्त गुरुजी आले. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी पाणी घेतले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘ते आमचे देऊळ होते, एवढे लिहा. जास्त काही नको.’ बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे, की आमच्या नगर जिल्ह्यातली जुनी ख्रिस्ती माणसे चर्चला सहज देऊळ म्हणतात, मंदिरही म्हणतात. वसईकडेही देऊळच म्हणतात. ‘इगर्जी’ हा पोर्तुगिजांकडून आलेला शब्द कोकण-गोव्याचा. तो गोदावरीच्या या बाजूला रुजला नाही.

दोन्ही बाजू खऱ्या होत्या. मला मात्र एकीलाच खरे म्हणायला सांगितले जात होते. ते टिपण लिहायला मला सात महिने लागले. तेवढ्या काळात बंद पडलेल्या आणि दुसऱ्या कामाला लागलेल्या चर्चांविषयी मराठीत जे हाताला लागले ते मी वाचून काढले, माझे स्वतःचे जुने लेखनही. हा लेख त्या वाचनाची झाडाझडती आहे. मी कोणत्या विद्यापीठाचा नाही. इंग्रजी शिकलो तेच मुळी १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरची झेरॉक्स प्रत समोर ठेवून, एका हाताने शब्दकोश उलटत. त्यामुळे पद्धतीतले दोष माझे समजावेत.

आपल्याकडे या विषयावर दोनच सुरांत लिहिले जाते. एक विजयाचा, दुसरा हळहळीचा. विजयाचा सूर ऐकायचा तर वसईच्या घंटांवरचा कोणताही लेख काढावा. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्यानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा देशावर आल्या आणि देवळांत बांधल्या गेल्या. मेणवलीला नाना फडणीसांच्या घाटावरची घंटा १७०७ ची, नसरापूरच्या बनेश्वराची १६८३ ची, भीमाशंकरची १७२९ ची, नाशिकच्या नारोशंकराची १७२१ ची, असे सन सांगितले जातात. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम आजही स्पष्ट दिसते. वीस वर्षांपूर्वी मीही या घंटांवर एक लेख लिहिला होता. त्यात ‘विजयचिन्ह’ हा शब्द पाच वेळा आला आहे. आता मोजले.

तो लेख आज वाचताना पहिली खटकणारी गोष्ट साधी आहे. घंटेवरचा आकडा ती ओतली केव्हा ते सांगतो. ती कोणत्या मनोऱ्यातून उतरवली हे सांगत नाही. त्या मोहिमेत साष्टी आली, ठाणे आले, पुढच्या वर्षीच्या तहात चौल-रेवदंडा आले. प्रत्येक ठिकाणी चर्च होतीच. पण आपल्या लेखांत झाडून सगळ्या घंटा ‘वसईच्या’ होतात, आणि बहुतेक वेळा एकाच हत्तीवरून येतात. मीही तसेच लिहिले होते, कारण माझ्या आधीच्याने तसे लिहिले होते.

दुसरी गोष्ट मोठी आहे. घंटेचा धातू म्हणजे तोफेचा धातू. फ्रेंच राज्यक्रांतीत खुद्द ख्रिस्ती देशातल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्याच चर्चच्या घंटा उतरवून वितळवल्या, त्यांची नाणी पाडली, तोफा ओतल्या. मराठ्यांना तोफांची गरज कमी नव्हती. तरीही या घंटा वितळल्या नाहीत, टांगल्या गेल्या, आणि त्याही देवापुढे. चर्चची घंटा मनोऱ्यात दोरखंडाने हलवतात, ती दूरच्या माणसाला बोलावते. देवळातली घंटा येणारा स्वतः वाजवतो, ती आपण आल्याचे देवाला सांगते. म्हणजे या घंटांचे काम बदलले, दिशा बदलली, तरी त्या उपासनेतच राहिल्या. नारोशंकराच्या घंटेला तर गोदावरीने आणखी एक काम लावले. तिच्यापर्यंत पाणी चढले का, यावर नाशिककर पुराचा अंदाज घेत आले. तेच पाणी पुढे आमच्या पुणतांब्याच्या घाटाला लागते. एवढे सगळे ‘विजयचिन्ह’ या एका शब्दात कसे मावावे? विजय नव्हता असे माझे म्हणणे नाही. विजय होताच, आणि वसईसाठी मोजलेली किंमतही भारी होती. पण विजय हा त्या घंटेच्या आयुष्यातला एक दिवस झाला. पुढच्या पावणेतीनशे वर्षांचे काय?

गुरुजींनी माझा तो लेख तेव्हाच वाचला होता, हे या वेळी कळले. ते रागावले नव्हते. ‘तुम्ही घंटा कुठे गेली ते लिहिले. ती गेल्यावर तिथली माणसे काय वाजवत होती, ते विचारलेच नाही,’ एवढेच म्हणाले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेने उपासना सोडली नव्हती. वसईच्या पट्ट्यात ती आजही आहे, आणि वसईतच जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला किल्ल्यातल्या जुन्या चर्चमध्ये आजही गर्दी होते. माझ्या लेखात ही माणसे नव्हती. पितळ होते.

हळहळीचा सूर याच्या उलट. पडक्या कमानी, पिंपळाची मुळे, भग्न वेदीवरची बकरी, हल्ली ड्रोनने काढलेली छायाचित्रे. जणू कोणी एका रात्रीत घाला घातला आणि सगळे ओसाड झाले. वसईच्या किल्ल्यातली चर्चदेखील एका दिवसात भग्न झालेली नाहीत. वस्ती गेली, छपरांची लाकडे गेली, दगड लोकांनी बांधकामाला नेले. इंग्रजी अमदानीत १८३० च्या आसपास किल्ल्याच्या आवारात ऊस लावून साखर काढण्याचा एक प्रयोगही झाला. तो फसला. या साखरेविषयी आपल्याकडे कोणी हळहळत नाही, कारण ती ना विजयात बसते ना पराजयात.

माझा अनुभव असा, की चर्च बंद पडण्याची कारणे बहुधा हिशेबाच्या वहीत सापडतात. जुन्या गोव्याचे पाहा. पोर्तुगालमध्ये १८३४ मध्ये धार्मिक संघ बरखास्त करण्याचा हुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी तो गोव्यात लागू झाला. मठांच्या मिळकती सरकारजमा झाल्या. सेंट ऑगस्टीनचे प्रचंड चर्च रिकामे झाले, १८४२ मध्ये त्याची कमान खचली, १९३१ मध्ये दर्शनी भाग कोसळला. त्याची घंटा आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. ही ख्रिस्ती सत्तेने बंद केलेली ख्रिस्ती चर्च होती. आपल्या चर्चेत हे उदाहरण क्वचित येते. त्याहून चटका लावतो तो सांता मोनिका हा जोगिणींचा मठ. तिथल्या स्त्रियांना कोणी बाहेर काढले नाही, फक्त नवी मुलगी दाखल करायची नाही असे ठरले. मग एकेक जण म्हातारी होऊन गेली. शेवटची १८८५ मध्ये वारली आणि मठ संपला. पुढे तिथे सैनिक राहिले, आता ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. एकही दगड न हलवता, नुसती भरती थांबवून एक घर बंद करता येते. खेड्यातल्या मराठी शाळांचे पट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे अधिक सांगायला नको.

मुंबईचे परळ तर एका इमारतीत तीन जन्म दाखवते. तिथे जेझुइटांचा मठ आणि चर्च होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ते ताब्यात घेतले, पुढे तो गव्हर्नरचा बंगला झाला, आणि जिथे प्रार्थना होत होती तिथे मेजवान्या आणि नाच होऊ लागले. नंतर गव्हर्नर मलबार हिलला गेले. प्लेग आला, आणि १८९९ मध्ये त्याच वास्तूत हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. रशियन साम्राज्यात जन्मलेला एक ज्यू शास्त्रज्ञ, पूर्वीच्या कॅथलिक मठात, हिंदू-मुसलमान-पारशी शहरासाठी लस बनवतो. आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात प्लेगच्या आठवणी अजून निघतात, गाव सोडून रानात झोपड्या घातल्याच्या. त्यांना टोचलेली लस एका जुन्या देवळात तयार झाली होती, हे त्यांना कोणी सांगितले नसणार.

आणि बोरिवलीचे मंडपेश्वर. शैव लेणे, तिथे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी चर्च केले, शिल्पे भिंतीआड आणि गिलाव्याखाली गेली. मराठी अंमलात लेणे पुन्हा शिवाचे झाले. नंतर पुन्हा ख्रिस्ती उपासना, आणि आता पुरातत्त्व खात्याचे संरक्षण. एका शिल्पपटाच्या जागी कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. जे शिल्प छिन्नीखाली आले ते गेले, जे गिलाव्याखाली गेले त्यातले बरेच वाचले. मंडपेश्वरावर लिहिताना प्रत्येक जण आपल्याला हवे ते शतक उचलतो. क्रूसाचे छायाचित्र एकाच्या लेखात अत्याचाराचा पुरावा असते, तर दुसऱ्याच्या लेखात ते भिंतीआड झालेल्या श्रद्धेचे स्मारक होते. दोन्ही लेख सलग वाचले की एकच लेणे आहे यावर विश्वास बसत नाही.

परदेशातल्या बातम्या छापताना आपले माप कसे बदलते तेही पाहिले पाहिजे. लंडनला इस्लिंग्टनमध्ये १९७० साली एका बंद चर्चमध्ये स्वामिनारायण मंदिर उघडले. लेस्टरचे जैन मंदिर पूर्वीचे काँग्रिगेशनल चर्च आहे, त्याला संगमरवरी दर्शनी भाग लावला आहे. अशा बातम्या आपण अभिमानाने वाचतो. तिथे विकणाऱ्याने राजीखुशीने विकले, घेणाऱ्याने पैसे मोजले, म्हणून त्यात गैर काही नाही हे मलाही मान्य आहे. पण मग माप ठरले: संमती कोणाची, मोबदला कोणाला, आणि तिथे पूर्वी येणारे आता कुठे जातात? हेच तीन प्रश्न आपल्या गावातल्या कुलूपबंद इमारतीलाही विचारायला हवेत. मी ते विचारायला गेलो आणि अडखळलो.

कारण नगर जिल्ह्याची गोष्ट वसई-गोव्याहून निराळी आहे. इथे सत्तेबरोबर आलेली चर्च थोडी. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले, १८३३ मध्ये तिथे पहिली मंडळी स्थापन झाली, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. ‘मंडळी’ हा शब्द नीट लक्षात घ्यावा. काँग्रिगेशनल पंथाच्या लेखी चर्च म्हणजे इमारत नव्हे, जमलेली माणसे. कॅथलिकांत वास्तू पवित्र केली जाते, म्हणून तिला त्यातून मोकळे करण्याचाही रीतसर मार्ग आहे. त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेतले १२२२ वे कलम सांगते, की निरुपयोगी झालेले चर्च बिशपला लौकिक, पण हीन नसलेल्या वापरासाठी सोडता येते. आमच्याकडच्या मंडळीच्या घराला असे काही नव्हते. ते कधी विधिपूर्वक बंद झालेच नाही. शेवटचा माणूस कुलूप लावून गेला, एवढेच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. टिळकांना भिंतींची फार मातब्बरी वाटत नसावी असे मला वाटते. पण तो मोठ्या कवीचा अधिकार झाला. सहा घरांच्या वस्तीला भिंत लागते.

खेड्यात ही भिंत एकच असे. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी उपासना, एकाच खोलीत. शिकवणारा आणि उपदेश करणारा बहुधा एकच माणूस, आणि त्याचा पगार शाळेच्या नावाने निघे. या व्यवस्थेतच तिच्या शेवटाचे बी होते. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतून येणारा पैसा आटला. पुढे सरकारी शाळा गावोगाव झाल्या, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. सरकारी शाळा आली ही चांगलीच गोष्ट झाली. पण मिशनची शाळा बंद झाली की मास्तर गेला, आणि मास्तर गेला की रविवारची उपासना चालवणाराही गेला. शाळा मिटली तेव्हा तिच्या पोटातले देऊळही मिटले, कोणी ठरवलेले नसताना. हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. गुरुजींनी त्यांच्या वडिलांच्या बदल्या क्रमाने सांगितल्या, तेव्हा कागदावर मांडताना लक्षात आले.

गॅझेटियर इथे उपयोगी पडत नाही. आमच्या पुणतांब्याच्या चौदा देवळांची आणि अहिल्याबाईंच्या घाटाची नोंद त्यात आहे, ते बरे झाले. पण गावकुसाबाहेरच्या विटांच्या खोलीकडे बघायला त्याच्या लेखकांना सवड नव्हती. मी गुरुजींना विचारले, मंडळीचे रजिस्टर कुठे आहे? बाप्तिस्मे, लग्ने, मयत यांची वही असणारच. ती होती. त्यांच्याच घरी, पत्र्याच्या पेटीत. त्यांनी पेटी दाखवली आणि उघडली नाही.

त्यांचे कारण ऐकल्यावर मला माझ्या उत्साहाची लाज वाटली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. त्या वहीतल्या आजोबांचे नातू आज वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळे आहेत. कोणी खरोखर परतले, कोणी बुद्धाकडे गेले, कोणी रविवारी एका जागी आणि दाखल्यावर दुसरीकडे. ‘तुम्ही वही छापाल, तुमचा लेख होईल. कोणाची तरी नोकरी जाईल,’ गुरुजी म्हणाले. ज्या मुलांना अभ्यासिका हवी होती, त्यांच्यातल्या दोघांचे पणजोबा त्या वहीत असावेत, असेही ते ओघात बोलून गेले. नावे त्यांनी सांगितली नाहीत आणि मी विचारली नाहीत.

आमच्या गावात चांगदेवांची समाधी आहे. त्यांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो, आणि कोरा म्हणजे अडाणी असा तिचा अर्थ लावतो. संशोधक म्हणून मीही कोऱ्या रकान्याला अडाणीपणा किंवा हलगर्जीपणा समजत आलो. उताऱ्यावरच्या ‘मिशन शाळा’ या शब्दांत ‘देऊळ’ नाही, याचा दोष मी मनातल्या मनात कारकुनाला दिला होता. तो शब्द कोणी मुद्दाम लिहू दिला नसेल, हे सुचलेच नाही. हळहळीचे लेख असोत की विजयाचे, दोन्ही मागणी करतात ती जास्त नोंदींची, जास्त नावांची. नोंद नसणे हा कधी कधी त्या माणसांनीच घेतलेला निर्णय असतो, आणि तो वाचताही यायला हवा, ही दृष्टी आपल्या स्थानिक इतिहासलेखनात जवळजवळ नाही. माझ्यात नव्हती.

शेवटी मी टिपण दिले. दीड पानाचे. ही वास्तू आठवड्यातले सहा दिवस शाळा आणि एक दिवस ख्रिस्ती मंडळीचे देऊळ होती, दोन्ही उपयोग एकाच वेळी सुरू झाले आणि एकाच कारणाने थांबले, मंडळीने ती सोडल्याचा कोणताही ठराव मला आढळला नाही, तिथे अभ्यासिका करणे वास्तूच्या पूर्वीच्या कामाला धरून होईल, मात्र हयात मंडळीला विचारूनच, असे त्यात लिहिले. कोणाचेही नाव घातले नाही. वहीचा उल्लेख केला नाही. संशोधन म्हणून ते अपुरे आहे, कारण माझा मुख्य पुरावा मी झाकून ठेवला आहे. तिघांना ते फार लांबट वाटले. गुरुजींनी दोनदा वाचले, घडी घातली, ‘सहा दिवस पहिल्यांदा का लिहिले? एक दिवस पहिल्यांदा लिहायचा,’ म्हणाले. बरोबर होते. तोवर प्रत देऊन झाली होती.

इमारतीला या दिवाळीपर्यंत तरी तेच कुलूप आहे. मंडळीच्या मिळकती आता कोणाच्या नावे, हा मिशन, त्यानंतरच्या संस्था आणि न्यास यांचा गुंता आहे. तो सुटल्याशिवाय ग्रामपंचायत पैसे घालणार नाही आणि गुरुजीही किल्ली देणार नाहीत. मुले सध्या मारुतीच्या पारावर बसून प्रश्नसंच सोडवतात.

श्रावणात मी पुन्हा गेलो होतो. त्या कमानदार पोकळीत घंटा कधीच नव्हती, असे गुरुजी म्हणाले. घंटेला पैसे कुठले? दौंड-मनमाड लाइनवरून निघालेला जुन्या रुळाचा एक तुकडा तिथे तारेने टांगलेला असे, आणि लोखंडी खिळ्याने तो बडवत, शाळेलाही आणि उपासनेलाही. आता तो गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात आहे. रुळावर उठावदार अक्षरांत कारखान्याचे नाव आणि सन असतो, म्हणून मी चष्मा चढवून, नारळाच्या शेंडीने घासून पाहिले. पहिले दोन आकडे एक आणि आठ असे वाटतात. पुढचे गंजले आहेत.